हरकतवाले दगडूआप्पा

जरा पुढं सरका बघू, इतक्या लांबून माझं बोलणं तुम्हाला ऐकू यायचं नाही. आणि एक सांगते, रागावू नका. सोलापूर रस्त्यानं तुम्ही सतरा वेळा जाता, कासुर्डीच्या आसपास चहाला थांबता, पण आमच्या फाट्याला गाडी कधी वळवत नाही. वळवली असती तर दगडूआप्पा तुम्हाला समक्ष भेटले असते आणि मला या वयात हे सांगत बसायला लागलं नसतं.

आप्पा आमचे शेजारी. तुमच्या ओट्यावर टेकायच्या आधी ते विचारणार, "हरकत न्हाई ना?" तुम्ही नाही म्हणेपर्यंत उभेच. पाण्याचा तांब्या उचलायच्या आधी विचारणार. शिंकेच्या आधी विचारायला वेळ मिळत नाही, म्हणून शिंकून झाल्यावर विचारतात. वाटेत कुत्रं आडवं झोपलेलं असलं तर त्यालाही विचारतात आणि मग वळसा घालतात. एकदा विहारात लग्न होतं. नवरानवरी हार घेऊन उभी, सगळे गप्प. आप्पांनी मागून सवयीनं विचारलं, "कुणाची हरकत?" नवऱ्याच्या मामाची होती. त्याला समजावण्यात तास गेला, भात गार झाला.

ही खोड नोकरीतली. आप्पा ग्रामपंचायतीत कारकून होते. कुणाला वीज घ्यायची असो, गिरणी टाकायची असो, ना-हरकत दाखला आप्पांच्या हातचा. अक्षर मोत्यासारखं, आणि स्वभाव फूटपट्टीसारखा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. पुण्याचा एक कारखानदार आमच्या माळावर स्प्रिंगांचा कारखाना काढायला निघाला. जागा ठरली, मोजणी झाली. त्याचे पुढचे सगळे कागद एका गोष्टीपाशी अडले होते, ते म्हणजे ग्रामसभेचा ना-हरकत ठराव. आणि सभेला गावातले शंभर मतदार हजर पाहिजेत, असा नियम. गावातली पोरं आतापासूनच कारखान्यात जायच्या शर्टांना इस्त्री करत होती. आप्पांचा प्रकाश दौंडला आयटीआयमधून फिटर झाला होता. पहिला फिटर तूच, असं मालकानं त्याला चहा पिताना सांगितलं होतं.

सभेच्या दिवशी माणसं भरली नव्व्याण्णव.

आप्पांनी तीनदा मोजली. सरपंच म्हणाले, "टाका की आप्पा शंभर. कोन मोजाया येतंय?"

"मी मोजलंय की," आप्पा म्हणाले.

पेन खाली ठेवून ते गावात निघाले, दारोदार फिरले, आणि एकटेच परत आले. वहीत लिहिलं, हजर नव्व्याण्णव, सभा तहकूब. पुढची तारीख महिन्यानं पडली, तेव्हा गावची जत्रा आली, त्याच्या पुढच्या तारखेला ग्रामसेवकाची बदली झाली. मालकानं वाट बघितली आणि कारखाना गुजरातेत नेला. त्याच्या मागं प्रकाशही गेला. पोरगं बापाशी एक शब्द न बोलता यष्टीत बसलं. तेव्हापासून गावात एकच वाक्य चालू झालं, की दगडूआप्पानं कारखाना घालवला. न्हाव्याच्या दुकानात, पाण्याच्या टाकीपाशी, मयतीलासुद्धा. आप्पांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. हरकत घेण्याची त्यांना सवयच नव्हती.

दोन हजार साल उलटल्यावर दुसरा कारखाना आला. मोटारींच्या वायरी जोडायचा, आणि पोरीबाळींना काम देणारा. पुन्हा तोच माळ, पुन्हा तोच ठराव. आप्पा तोवर रिटायर. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तरी सभेच्या पंधरा दिवस आधीपासून मतदारयादी काखेत मारून ते घरोघर फिरायला लागले. कुणाच्या सातबाऱ्यावर वाद, कुणाला काळजी, की माळावरची शेरडं आता कुठं चारायची. आप्पा प्रत्येकाची हरकत लिहून घेत आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येत. शेरडांसाठी त्यांनी ओढ्याकडची वाट मालकाकडून कागदावर मोकळी ठेवून घेतली. पावशेर अडथळा असला तरी ते तो गूळ फोडावा तसा बारीक करून संपवत.

आठ दिवस आधी त्यांनी सभेची रंगीत तालीम घेतली. चहा होता म्हणून चाळीस माणसं आली. तालमीचंही त्यांनी इतिवृत्त लिहिलं.

खऱ्या सभेच्या दिवशी त्यांनी न्हाव्याच्या खुर्चीतून एकाला अर्ध्या दाढीनिशी उठवून आणला. गावात लग्नाला आलेले पाहुणे हौसेनं येऊन बसले होते, त्यांना यादी दाखवून बाहेर काढलं. वीटभट्टीवरचा बिहारी म्हणाला, "चाचा, हम भी हाथ उठा दें?" आप्पा त्याला म्हणाले, "तेरा नाव उधर के यादी में हाय ना बाबा? मग उधर उठा. इधर चाय पी."

पण हे सगळं अकरानंतरचं. मी सकाळी आठलाच जाऊन बसले होते. सतरंजीसुद्धा अंथरली नव्हती. नव्या कारकुनानं वही आप्पांकडंच सोपवली होती, ते एकटेच तिच्यावर रेघा मारत होते.

"आक्का, लवकर आलासा?"

मी म्हटलं, सही करते. त्यांनी वही पुढं केली. मला नाव लिहायला वेळ लागतो. शाळा मी पाहिलेली नाही, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचवाचून उतारवयात शिकलेली मी. ते वही धरून उभे राहिले, कुठं बघायचं नाही म्हणून छताकडं बघत.

लिहून झाल्यावर मी जे दहा वर्षं गिळलं होतं ते बोलले. पहिल्या सभेच्या दिवशी आप्पा माझ्याही दारात आले होते. मी घरातच होते. चारचौघांत वहीवर अंगठा उठवायची लाज वाटली, म्हणून श्वास धरून चुलीपाशी बसून राहिले. एका बाईनं काय अडतंय, असं वाटलं होतं.

"म्हाईत हाय मला," आप्पा म्हणाले. "कुलूप न्हवतं दाराला. कडी आतनं व्हती."

"मग गावाला सांगायचं न्हाई का? तुम्हाला एवढं बोलली मानसं."

"तुमची हरकत आसली आसती तर?" एवढं म्हणून त्यांनी माझ्या सहीवर टिपकागद दाबला.

ठराव मंजूर झाला. माणसं शंभराच्या वर कितीतरी. आता आमच्या पोरी डबे घेऊन पायी कामाला जातात आणि घरी येऊन भावांना दमात घेतात.

कारखान्याला फिटर पाहिजे होता. आप्पांनी मालकाला विचारून ठेवलं, आणि मला सोबत घेऊन फाट्यावरच्या एसटीडीत गेले. प्रकाशला फोन लावला. मी काचेबाहेर उभी, दार अर्धं उघडं. आप्पांनी आधी पोराचं ऐकून घेतलं. मग बोलले, "व्हय, पोरांची शाळा हाय म्हंजी तिकडंच बरं. न्हाई, न्हाई. तसं काय न्हाई. माझी काय हरकत न्हाई."

फोन ठेवून बाहेर आले. बूथवाल्याच्या बाकड्याकडं बघितलं आणि बसले. काही न विचारता. इतक्या वर्षांत मी ते एकदाच बघितलं.

तेव्हा पुढच्या खेपेला फाट्याला गाडी वळवाच. पाळी सुटायच्या वेळेला आप्पा कारखान्याच्या फाटकासमोर दगडावर बसलेले असतात, पोरी बाहेर पडताना मोजतात. तुम्हाला बघून उठतील आणि विचारतील, चहाला हरकत न्हाई ना? नाही म्हणा. आणि चहा झाल्यावर लगेच उठू नका. माझं घर शेजारीच आहे, दाराला आता दिवसा कडी नसते. लवकर या.