भुऱ्याची जळजळ आणि बगळे डॉक्टर

एका जंगलात, मुलांनो, भुऱ्या नावाचा कुत्रा आणि त्याची बायको तांबी सुखाने राहत होती. झाडाझाडापाशी पाय वर करून जंगलाची हद्द आखायची, हे भुऱ्याचं काम. एके दिवशी पाय वर झाला आणि भुऱ्या कळवळला. जळजळ, ताप, वर लघवीही लाल.

तांबीने त्याला साळिंदरबाईंकडे नेलं. त्या औषधात बुडवलेले काटे टोचायच्या.

"जंतू मूत्रपिंडापर्यंत चढलेत," साळिंदरबाई म्हणाल्या. "आजच टोचायला सुरुवात केली, तर दोन्ही मूत्रपिंडं वाचतील."

काटे बघून भुऱ्याचं शेपूट पोटाखाली गेलं आणि तो न टोचून घेताच परत फिरला. वाटेत ससा भेटला.

"काटे कसले टोचून घेता? गरम पडतात ते! आमच्या बगळे डॉक्टरांकडे जा. गोड गोळ्या देतात."

भुऱ्या लगेच तिकडे वळला. बगळे डॉक्टर तळ्यात एका पायावर उभे होते. त्यांनी जळजळीबद्दल काहीच विचारलं नाही.

"रागावल्यावर शेपूट डावीकडे वळतं की उजवीकडे? स्वप्नात मांजर येते की हाड?"

"अहो डॉक्टर, यांना लघवीतून रक्त जातंय!" तांबी म्हणाली.

"बाई, मी रोगाला नाही, रोग्याला औषध देतो."

मग त्यांनी खाजकुयलीचं एक कुसळ तळ्यात टाकलं. त्या तळ्याचा एक थेंब दुसऱ्या तळ्यात, तिथला तिसऱ्या तळ्यात. शेवटचा थेंब साखरेच्या गोळ्यांवर शिंपडला.

"यात आता खाजकुयली उरलीच कुठे?" तांबीने विचारलं.

"तेच तर औषध! गोळीला पंजा लावू नका. आणि कांदा बंद."

भुऱ्याने जन्मात कांदा खाल्ला नव्हता. तरी त्याने तो सोडला.

ताप वाढला. "उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "रोग आधी उफाळून येतो." मग उलट्या सुरू झाल्या. "अत्युत्तम!" मग भुऱ्याला उभंही राहवेना.

"आणि हे गेले तर?" तांबीने विचारलं.

"मग रोग मुळापासून गेला म्हणायचा."

तांबीने भुऱ्याची मानगूट दातात धरली आणि त्याला फरफटत साळिंदरबाईंकडे नेलं. बाई रागावल्या नाहीत. रोज टोचत राहिल्या. भुऱ्या वाचला, पण एक मूत्रपिंड कायमचं गेलं.

तो पुन्हा हिंडू लागला, तसं सगळं जंगल बघायला जमलं. बगळे डॉक्टरही आले.

"बघा," ते म्हणाले, "माझ्या गोळ्यांनी एक मूत्रपिंड वाचवलं. साळिंदरबाईंच्या काट्यांनी एक घालवलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तांबीने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तरी सांगा!"

भुऱ्याने पाठ खाजवली. "काटे फार टोचले गं," तो म्हणाला. "गोळ्या मात्र गोड होत्या."

दुसऱ्या दिवशी तळ्यावर रांग लागली. पहिला नंबर भुऱ्याचा होता. उरलेल्या मूत्रपिंडाला ताकद यावी म्हणून.

तात्पर्य : मुलांनो, बरं कुणीही करो, श्रेय घ्यायला मात्र आपण एका पायावर तयार असावं.