करीमभाऊंची खारी चिवळ

आमचे शेजारी करीमभाऊ चिवळीला मीठ घालतात. भाजी शिजताना नाही, जिवंत झाडाच्या मुळाशी. सावली गावात सगळ्यांनी त्यांना वेडं ठरवलं आहे. मीही ठरवलं आहे, पण दार समोर असल्यानं मला रोज बघावं लागतं.

करीमभाऊ शिंपी. बायको आधीच गेली, मग नजर गेली, मशीन बंद पडली. आता तेलाच्या रिकाम्या डब्यांत चिवळ लावतात. शिवताना बोटात घालायची लोखंडी टोपी असते ना, तिनं मीठ मोजतात, तांब्याभर पाण्यात विरघळवतात आणि "हळू बेटा, हळू" म्हणत ओततात.

पहिल्यांदा घाई केली तेव्हा सगळी चिवळ भाजल्यासारखी मेली. मग मीठ थोडं थोडं वाढवलं. झाडं खुजी राहिली, देठ लाल पडले, पानं मात्र जाड झाली.

"चाखा, बाई."

"मी काय बकरी आहो?"

तरी चाखलं. खारट.

"मीठ पानात भरून ठेवते, पन मरत नाई!" पोरगी शाळेत पहिली आल्यासारखे बोलले.

पोरगी त्यांना एकच, शबाना. लग्न होऊन समुद्राकाठी गेली. तिथं अंगणात खारं पाणी चढतं. इथून नेलेलं चिवळीचं बी जळालं म्हणून ती एकदा फोनवर रडली. तेव्हापासून यांचं हे सुरू. खाऱ्याला सरावलेलं बी फडक्यात बांधून न्यायचं आणि पोरीच्या अंगणात आपल्या हातानं पेरायचं, एवढंच डोक्यात.

परवा बी वाळत घातलं होतं आणि फोन आला. कान गेल्यामुळे त्यांचा फोन अख्ख्या गल्लीला ऐकू येतो.

"अब्बा, आंगन में पूरी फर्शी बिछा दी. अब कीचड़ नहीं होता."

"अच्छा किया, बेटा."

करीमभाऊंनी बियांचं नाव काढलं नाही. येऊ का, हेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डब्यांपुढे बसलेले. मी म्हटलं, "आता काऊन मीठ घालून राह्यले? अंगण तं गेलं."

"फरशीले कुठी ना कुठी फट पडतेच, बाई. चिवळीले तेवढी पुरते."

बोटातली टोपी मिठाच्या बरणीच्या तळाशी खरडत होती. बरणी रिकामी. मी घरातून ओंजळभर जाडं मीठ आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"हळू घाला," म्हटलं.