अकरावे काम

कामात चूक न करणाऱ्या माणसाला कामावरून का काढतात, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे. सदतीस वर्षे गणित शिकवल्यामुळे आधी दिलेली माहिती मांडायची आणि मगच उत्तराकडे वळायचे, ही सवय जडली आहे.

दिलेली माहिती अशी. माणसाचे नाव संदेश. वय चौतीस. घणसोलीला आमच्या इमारतीत, बरोबर आमच्या खालच्या घरात तो आणि त्याची आई कमलताई राहतात. त्याला सात वाजता बोलावले, तर तो सहा पन्नासला येऊन दारासमोर उभा राहतो आणि सात वाजले की बेल वाजवतो. एकदा आमची ही कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आली, तर समोर संदेश.

"अरे, ये ना आत!"

"अजून सहा मिनिटं आहेत, काकू. दार लावून घ्या."

काकूंनी दार लावून घेतले. सहा मिनिटांनी बेल वाजली.

संदेशला स्वमग्नता आहे; ऑटिझम या नावाने ती अधिक परिचित आहे. हे निदान त्याच्या तिसाव्या वर्षी झाले. तोवर लोक त्याला 'विक्षिप्त' म्हणून मोकळे होत. त्या लोकांत मीही होतो. माझ्या वर्गात असे दोन-तीन विद्यार्थी होऊन गेले असावेत, असे आता वाटते. मी त्यांना अंगठे धरून उभे केले होते.

मुलाखतीत संदेशची पंचाईत होते. 'स्वतःविषयी सांगा,' असे म्हटले की तो विचारतो, 'कुठपासून?' एक साहेब हसत म्हणाले, 'सुरुवातीपासून.' त्याने जन्माच्या वेळच्या वजनापासून आरंभ केला. चौथीत पोचला तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिले. 'चार वाजून बारा मिनिटं,' संदेशने मदत केली.

महापे येथील एका कार्यालयात मात्र त्याला माहिती भरण्याचे काम मिळाले. तेथील प्रमुखांनी सर्वांना सांगितले, 'काही सुधारणा सुचत असतील तर अगदी मोकळेपणाने सांगा.' इतरांनी काहीच सांगितले नाही. संदेशने तेवीस मुद्दे लिहून दिले. सतरावा मुद्दा साहेबांच्या बैठकांविषयी होता. 'त्या नसल्यास जास्त काम होईल.' महिन्याभरात तो घरी होता.

अशा तीन नोकऱ्या गेल्या. चौथी जासईजवळच्या कंटेनरच्या गोदामात, सहा महिने काम पाहून मग कायम करण्याच्या अटीवर. ती मिळाली तेव्हा कमलताई पेढे घेऊन वर आल्या. "सर, ह्याला समदं येतंय. पर ठेवून कुणी घेत न्हाई. माज्या माघारी ह्याचं कसं?"

काम त्याच्यासाठीच बेतल्यासारखे होते. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे आणि सात अंक असतात. पहिल्या दहा खुणांचा एक ठरावीक हिशोब केला की अकरावा, म्हणजे शेवटचा अंक निघतो. तो जुळला नाही, तर आधी कुठेतरी चूक आहे, असे समजावे. इतर लोक हे यंत्रावर तपासतात. संदेश ते चालता चालता तपासतो.

अडचण चहाची होती. दहा वाजून दहा मिनिटांनी सगळे चहाला बसत आणि संदेशशी काय बोलावे, हे कोणालाच कळत नसे. म्हणून तो माझ्याकडे आला. "सर, गप्पा मारणं शिकवा. अभ्यासक्रम असेल तर बरं."

मी तीन प्रश्न दिले: प्रवास कसा झाला, घरी सगळे बरे ना, जेवणात काय आहे. आणि एक नियम सांगितला: जे उत्तर मिळेल ते लक्षात ठेवून पुढच्या वेळी त्याचीच चौकशी करायची. न केली तर विचारण्याला अर्थ उरत नाही. त्याने हे सर्व वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या दिवसापासून चहाला बसलेल्या सातही जणांना रोज एकेक करून तीन प्रश्न विचारले जाऊ लागले.

"ए रोबो, बॅटरी उतरली का तुझी? काल पण हेच विचारलं!" हे त्या सातांपैकी सावंत. संदेश दुसऱ्याचे बोलणे शब्द न बदलता सांगतो, अगदी शिव्यांसकट. कमलताई ओरडतात, "आरं, सरांपुढं!" तो म्हणतो, "मी नाही बोललो. ते बोलले."

याच सावंतांनी एकदा त्याचे हेडफोन आधी चहाच्या किटलीला घातले आणि मग कपाटात लपवले. गोदामातले भोंगे त्याला सहन होत नाहीत, म्हणून तो ते घालतो. त्या दिवशी त्याने कानांत कापूस घालून काम केले, दोनदा उलटी केली आणि सर्व अंक बरोबर लिहिले.

सहावा महिना संपत आला असताना संदेशने कंटेनरची एक गाडी फाटकावर अडवली. सुपरवायझर धावत आला.

"शाणपट्टी नको हां. टिक मार, गाडी सोड. मागं लाइन लागली हाय."

"शेवटचा अंक चार यायला हवा. सात आहे."

"मग चार वाच ना, बाबा!"

"चार लिहिलेला नाही."

दोन तासांनी कंटेनरच्या छतावरचा क्रमांक पाहिला, तेव्हा कळले की दाराचा पत्रा बदलून पुन्हा रंगवताना एका तीनचा आठ झाला होता. संदेशचे बरोबर होते. आठवड्याभराने त्याला बोलावून सांगण्यात आले, "काम चांगलं आहे, पण तू टीममध्ये बसत नाहीस."

"बसतो. रोज दहा दहाला," तो म्हणाला.

नोकरी सोडणाऱ्याने उरलेल्या कामांची यादी करून मागच्यांच्या हाती द्यावी, असा तिथला नियम. शुक्रवारी ठीक सात वाजता बेल वाजली. "सर, यादी तपासून द्या. लाल पेनाने."

दहा कामे नेटकी होती: नोंदवहीचे फाटलेले पान, अडकणारी कुलपे, फिकट झालेले फलक. अकरावे काम असे: 'सोमवारी सावंत यांना आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल विचारणे. बुधवारी पुन्हा विचारणे.'

विषयाला सोडून आहे, असे वाटून मी पेन टेकवले. "हेडफोन लपवणारे सावंत ते हेच ना?"

"हो."

"मग हे कशाला?"

"त्यांच्या आईला भूल घ्यायची भीती वाटते. तिथे दुसऱ्या कोणाला माहीत नाही, कारण कोणी विचारलं नव्हतं. हे काम माझ्याकडे होतं. मी सोमवारी नसेन."

मी विचारले, "सहा महिन्यांत तुला कोणी काही विचारलं का रे? त्या तिन्हींपैकी एखादा प्रश्न?"

त्याने वही काढून प्रत्येक पान पाहिले. वेळ लागला. "नाही. त्यांचा हा पाठ झालेला नसेल, सर."

मी पेन उचलले आणि अकराव्या कामापुढे बरोबरची खूण केली. बाकीची दहा पुन्हा पाहिली नाहीत.

माझे उत्तर असे आहे: संदेशचा पेपर सर्वांनी तपासला, स्वतःचा कोणीच तपासला नाही. परंतु एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही. म्हणून विनंती एवढीच, की आपल्याही कामाच्या जागी चहाला टेबलाच्या टोकाशी बसणारे कोणी असेल, तर त्याला आजवर काय विचारले गेले आहे, ते आपणच एकदा तपासून पाहावे.