पंधरा एप्रिलच्या आधी

"तिसरा शनिवार आहे हा, जोलीन. तिसरा!"

ऑर्विल डेंकर स्वयंपाकघराच्या खिडकीला नाक लावून उभा होता. रस्त्यापलीकडे कोच बर्नी कोटासच्या अंगणात एक लाल पिकअप उभी होती, आणि ती ट्रेव्हर लिंडक्विस्टची होती.

"अंडी गार होतायत," त्याची बायको म्हणाली.

"एक तास दहा मिनिटं झाली. मला एकोणीस वर्षांत त्या घरात कुणी तासभर बसवलं नाही."

"तू बसतोस कुठे? जातोस, शिडी मागतोस आणि परत येतोस."

ऑर्विलने अंडी काट्याने नुसती चिवडली. गावच्या शाळेत मुलं एकूण एकोणसाठ, म्हणून त्यांचा अमेरिकन फुटबॉल अकराऐवजी आठ जणांचा. पण शुक्रवारी सामना असला की सगळं गाव मैदानावर. त्या मैदानावर बर्नी सत्तावीस वर्षं मुख्य कोच होता आणि ऑर्विल एकोणीस वर्षं त्याच्या उजव्या हाताला. दिवसा लाकूडकाम शिकवायचं, संध्याकाळी पोरांना धडका मारायला शिकवायचं. वय सत्तावन्न. एकदा तरी, एका हंगामापुरतं का होईना, मुख्य कोच व्हावं, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि हा ट्रेव्हर! सव्वीस वर्षांचा, गणिताचा मास्तर, गावात येऊन दोन वर्षं झालेली, दात पांढरेशुभ्र. त्याला बघून पोरांच्या आया आपणहून सरबत घेऊन येत. ऑर्विलला एकोणीस वर्षांत कुणी पाणी विचारलं नव्हतं.

त्यात फेब्रुवारीत बर्नीने त्याला सामानाच्या खोलीत ओढून सांगितलं होतं, "मी यंदा सोडतोय. कुणाला बोलू नकोस. पंधरा एप्रिल होऊ दे, मग जाहीर करीन."

"पंधरा एप्रिलच का?"

"होऊ दे म्हटलं ना," बर्नी म्हणाला आणि हेल्मेटं मोजू लागला. बर्नी एवढंच बोलणारा माणूस.

पंधरा एप्रिलपर्यंत मास्तर मंडळी पुढच्या वर्षाच्या करारावर सह्या करतात. लहान शाळेत नुसता कोच कुणी ठेवत नाही. तो मास्तरही असावा लागतो. म्हणजे सह्या झाल्या की बाहेरचा चांगला कोच आपल्या शाळेतून हलू शकत नाही. मग उरतं कोण? घरातलंच कुणीतरी. आणि घरातलं म्हणजे कोण, हे त्या लाल पिकअपने तीन शनिवार ऑर्विलला सांगितलं होतं.

"बाहेरचे वाटेतून बाजूला करून बर्नी त्या पोराला गादीवर बसवतोय," तो म्हणाला.

"जाऊन विचार ना बर्नीला."

"मी? विचारू? मला काय गरज पडलीय!"

सोमवारी सकाळी तो ग्लेंडाच्या कॅफेत कॉफीला बसला. शेजारी मक्याचे शेतकरी आपापल्या ठरलेल्या खुर्च्यांत. ग्लेंडा कॉफी ओतत म्हणाली, "तोंड का उतरलंय, कोच?"

"काही नाही. माणसं सत्तावीस वर्षांनी सोडून जातात, त्याचं वाईट वाटतं."

ग्लेंडाची किटली हवेतच थांबली. "कोण जातंय?"

"मी कुणाचं नाव घेतलं?"

"सत्तावीस वर्षं झालेला गावात एकच माणूस आहे!"

"ते तू म्हणालीस," ऑर्विल म्हणाला आणि टोपी घालून उठला. त्याला फार हलकं वाटलं. आता बाहेरचे चार अर्ज येतील, ट्रेव्हरचं पितळ उघडं पडेल, आणि शाळा मंडळाला अनुभवाची किंमत कळेल, असा त्याचा हिशेब.

त्याची कॉफी पचायच्या आत बातमी शाळेचे प्रमुख पोस्पिशिल यांच्या टेबलावर होती. त्यांनी बर्नीला बोलावलं. बर्नीला कमी बोलता येत होतं, खोटं बोलता येत नव्हतं. त्याने राजीनामा लिहून दिला. मंडळाची सभा महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, मार्चची नुकतीच होऊन गेली होती, म्हणून मंजुरी एप्रिलवर गेली. पण जाहिरात त्याच दिवशी निघाली.

शुक्रवारपर्यंत एकतीस अर्ज आले.

"एकतीस?" ऑर्विलने विचारलं.

"तुमचा धरून बत्तीस," कचेरीतली बाई म्हणाली. "बरं झालं आलात. मैदानाच्या किल्ल्या तुमच्याकडेच ना? मुलाखतीला आलेल्यांना सगळं दाखवायचंय."

अशा रीतीने दोन आठवडे ऑर्विलने आपल्या जागेवर डोळा ठेवून आलेल्या माणसांना ती जागा स्वतः फिरून दाखवली. एकाने गवताला लाथ मारून पाहिली. दुसऱ्याने व्यायामाच्या खोलीत वाकून बूट बांधले आणि उठताना विचारलं, "सहायक कोण आहे सध्या?"

"मी."

"अच्छा. वाईट वाटून घेऊ नका, काका. मी माझी माणसं बरोबर आणतो. सगळेच आणतात."

ऑर्विल घरी आला तो थेट पलंगावर पडला. "जोलीन, मुख्य राहू दे, मला सहायकातूनही काढणार!"

"कॉफी प्यायला गेला होतास ना?" जोलीन म्हणाली. "आता पी."

सगळ्यात देखणा उमेदवार ओमाहा शहरातला होता. एकोणतीस वर्षांचा, हातात मोजायची फीत. तो कुंपणापाशी उभा राहून मोठ्याने म्हणाला, "हे मैदान चुकीच्या दिशेला आहे. सगळं उखडून फिरवायला हवं. आणि हे गवत कुणी लावलं? एखाद्या आंधळ्याने?"

ते गवत बर्नीने स्वतः गुडघ्यांवर बसून लावलं होतं, आणि बर्नी तिथेच मागे, पांढऱ्या रेघांचं यंत्र घेऊन उभा होता. ऑर्विलने त्याच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत त्या चेहऱ्यावर असा रंग त्याने पाहिला नव्हता. पण तो रंग त्याच्या ओळखीचा होता. रोज दाढी करताना आरशात दिसायचा. बर्नीने यंत्र तिथेच सोडलं आणि तरातरा कचेरीकडे निघाला.

तासाभराने तो लाकूडकामाच्या वर्गात आला. "राजीनामा मागे घेतला. मंडळाने मंजूर कुठे केला होता? ते फीतवालं पोर माझ्या मैदानावर फिरणार? अजून तीन वर्षं मी हलत नाही. जमलं तर चार."

ऑर्विलच्या हातातला रंधा थांबला. "तीन वर्षांनी मी साठीला येईन, बर्नी."

"तुझी चूक." बर्नी बाकावर बसला. आयुष्यात कधी बोलला नाही एवढं तो आता बोलला. "मी पंधरा एप्रिल कुणासाठी धरून ठेवला होता? बाहेरचं कुणी उरू नये आणि मंडळाला तुझ्याशिवाय इलाज राहू नये म्हणून! त्या ट्रेव्हरला तीन शनिवार बसवून समजावलं, बाबा रे, पाच वर्षं थांब, आधी ऑर्विलला होऊ दे. कबूल झाला होता बिचारा."

"कबूल झाला होता?"

"झाला होता! आणि तू जाऊन ग्लेंडाला सांगितलंस! जाहिरात निघाल्यावर त्याला वाटलं, मी शब्द फिरवला. त्याने शेजारच्या प्रेअरी फोर्कच्या शाळेत अर्ज टाकला. मार्चमध्ये सगळ्यांच्याच जागा रिकाम्या असतात. काल त्याला तिथे मुख्य कोच केलं."

ऑर्विल लाकडाच्या भुशात मटकन बसला. सव्वीस वर्षांचा मुख्य कोच, तोही प्रेअरी फोर्कला, ज्यांना हरवायला गाव वर्षभर नवस करतं. आणि त्याला तिथे पोचवणारा कोण, तर आपणच.

दुसऱ्या दिवशी ट्रेव्हर स्वतः वर्गात आला. "कोच, रागावू नका. एक विचारायचं होतं. तिथे लाकूडकामाची जागा रिकामी आहे, आणि मला बचाव शिकवणारा माणूस हवाय. तुमच्यासारखा आसपासच्या पन्नास मैलांत नाही. याल?"

ऑर्विलने आयुष्यात पहिल्यांदा त्याचे दात जवळून पाहिले. तसे वाईट नव्हते. तो "नाही" म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात दारातून ग्लेंडा डोकावली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात पाव द्यायला आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ऑर्विलने तोंड मिटलं.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

दुपारच्या जेवणापर्यंत बर्नी हजर. कान लाल. "ते पोरगं माझा माणूस पळवतंय? माझा? दोन वर्षांचं शेंबडं!"

"बोलावलंय खरं."

"आणि तू काय म्हणालास?"

"विचार करतो म्हणालो."

"विचार कसला करायचा त्यात! बचाव यंदा सगळा तुझा. मी तोंड घालणार नाही."

ऑर्विलने फळी उन्हाकडे धरून तिची कड पाहिली.

"बरं, चढाईचे डावही तूच सांग. शुक्रवारी. सगळे. मी नुसता टोपी घालून उभा राहीन. आता तरी बोल!"

"पंधरा एप्रिल होऊ दे," ऑर्विल म्हणाला.

घरी जोलीनने ताट वाढता वाढता विचारलं, "जाणार आहेस का प्रेअरी फोर्कला?"

"वेडी आहेस? त्यांचा जांभळा शर्ट घालू मी?"

"मग सांगून टाक ना बर्नीला. जीव टांगणीला लागलाय त्याचा. त्याची बायको विल्मा सांगत होती, जेवत नाहीये."

"नऊ दिवस आहेत अजून," ऑर्विल म्हणाला आणि बटाट्यावर लोणी पसरू लागला.

तेवढ्यात फोन वाजला. दोघांनाही ठाऊक होतं कुणाचा.

"उचल की रे!"

"वाजू दे जरा," ऑर्विल म्हणाला. "छान वाजतोय."