शिक्षा ठोठावणे या शब्दाची हकीकत

श्रीलंबोदराचे कृपेने साहेबांचे सेवेसी एका शब्दाची हकीकत विदित करितो ऐसी जे, शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सरी, वैशाखमासी या राज्यात भानजीपंत नामे नवे न्यायाधीश परमुलखातून आले. पंत मोठे विद्वान, आणि शब्दाचा कीस काढावयाची भारी खोड. पहिलेच दिवशी सटवाजी गवळी उभा केला. त्याने सरकारी बागेचा पाट फोडून पाणी खालचे वाडीस नेले ऐसे साक्षीदार बोलिले, आणि पंतांनी वर्षभर बेडी सांगितली, आणि उठोन भोजनास निघाले, तों तुरुंगाचे हवालदार येसबा मुजरा करोन आडवे आले आणि म्हणाले की, शिक्षा सुनावली खरी, ठोठावली नाही. पंतांस नवल वाटले. आमचे मुलखी दोन्ही एकच, येथे अंतर ते काय, ऐसे पुसिले. मग येसबांनी रीत सांगितली की, तोंडे बोलली ती सुनावली. मग न्यायाधीशाने तुरुंगात जाऊन बेडीचे खिळ्यावर पहिला घाव आपले हाते घालावा, तेव्हा ठोठावली. घाव न पडे तों शिक्षा लागू नाही. हे ऐकोन पंत भूक विसरले, आणि ठोठावणे कैसे असते ते पाहूच म्हणोन हौसेने निघाले.

सटवाजीने पाय ऐरणीवर ठेविला. पंतांनी एके हाते बेडी धरिली, दुसरे हाते हातोडा उचलिला, आणि भेगाळलेला पाय इतका जवळ पाहोन सहज पुसिले, "पाट का फोडिलास?"

"वासरं तहानंनं मरत हुती, महाराज. कचेरीत सांगाया आलो, तर दारातनंच हाकलला."

"मग न्यायसभेत का न बोलिलास?"

"कुनी इचारलंच न्हाई."

पंतांचा हात वर गेला तो वरच राहिला. मग हातोडा खाली ठेविला, आणि दुसरे दिवशी फिरोन सभा भरविली, आणि आधी सटवाजीचे बोलणे ऐकिले, आणि पाटाचे भगदाड त्याने बुजवावे व कचेरीने वाडीस पाण्याची पाळी लावून द्यावी ऐसा निवाडा केला.

सारांश, पुढे पंतांनी या राज्यी शिक्षा पुष्कळ सुनावल्या, ठोठावल्या थोड्या. परंतु पूर्वी परमुलखी लोडास टेकोन ज्यांस ठोठावल्या म्हणत होते, त्यांतील एकाचाही चेहरा आठवू जाता आठवेना, आणि याचे दुःख त्यांस अखेरपावेतो राहिले.