मुरवलेली जीन्स

दामलेकाका लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार करत नाहीत. खाली वाकतात आणि तुमच्या जीन्सची मोहरी उलटी करून बघतात. "काठ नाही," एवढंच म्हणून हात झटकतात. मग आपण खाली मान घालून आपल्या मजल्यावर उतरायचं.

जुन्या, अरुंद मागावर विणलेल्या डेनिमला लुगड्यासारखा पक्का काठ असतो. पांढरा, मधून लाल दोरा. ती खरी जीन्स, बाकीची फडकी, असं काकांचं मत. खडकीच्या फॅक्टरीत ते तपासणी खात्यात होते. निवृत्तीनंतर तपासायला आमची कर्वेनगरची सोसायटी उरली. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ पत्र्यासारखी कडक जीन्स घालून, गुडघे न वाकवता जिना उतरायचा. वॉचमन अदबीने खुर्ची पुढे करायचा, पण बसणार कसे?

"काका, एकदा धुवा तरी," मी म्हणालो.

"लोणचं धुता का तुम्ही? मुरू द्या आधी!"

हे त्यांचं पालुपद. मुलगा अभय कॉलेजात जाणार म्हटल्यावर आठवडाभर आधी काकाच त्या बसने जाऊन आले होते. त्याच्या नव्या सायकलचं सीटही ह्यांनीच बसून बसून नरम केलं. मुलाला काही टोचता कामा नये. काकू होत्या तेव्हा म्हणायच्या, "नशीब, त्याचं लग्न तरी त्यालाच करू दिलं."

अभय आता कॅनडात असतो. एकदा फोनवर सहज म्हणाला, की काठाची जीन्स रोजच्या वापराला उत्तम, वर्षानुवर्षं टिकते, पण नवी असताना मांड्या सोलून निघतात. झालं! बापलेकांची कंबर एकच. काकांनी लांबीला अभयच्या मापाने जीन्स शिवून घेतली, खाली दुमडली आणि स्वतःच्या मांड्या सोलायला घेतल्या. दोन उन्हाळे ती त्यांच्या अंगावर होती. लिफ्टमध्ये आम्ही नाकाला रुमाल लावायचो. पण कापड खरंच मऊ झालं, आणि काका वॉचमनच्या खुर्चीत बसायला लागले.

यंदा अभय आला. काकांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. त्याने जीन्स चढवली आणि काका टाचा उंचावून बघत राहिले. पण बाप बुटका, लेक उंच. बापाच्या गुडघ्यांचे फुगवटे लेकाच्या मांड्यांवर आले. खिशावर चष्म्याच्या डबीचा चौकोन पांढरा उमटलेला.

अभय हसला. "बाबा, ही तुमचीच झाली हो. मला कशी बसेल?"

प्रेमानेच म्हणाला तो. पण परत जाताना जीन्स सोफ्यावरच राहिली.

"सामान फार होतं त्याचं," काका मला म्हणाले. 

परवा त्यांच्याकडे गेलो, तर न्हाणीघरातून निळं पाणी वाहत होतं. धुण्याचं नाव काढू न देणारा माणूस पाटावर बसून जीन्स घासत होता. हात कोपरापर्यंत निळे.

"काका, अहो हे काय?"

"पुढच्या खेपेला नेईल ना तो." ब्रश थांबला नाही. "तीन दिवस धुतोय. रंग निघाला बघा सगळा. माझे गुडघे तेवढे जात नाहीत हो."