नांदेडला दिसणारी स्थळं

ईश्वरप्पांनी सकाळी भस्म लावून, उदबत्ती ओवाळून कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं. त्यांनी सवयीनं एक बटण दाबून ते घालवलं, केंद्राची फाईल उघडली आणि तळाची ओळ वाचून त्यांचा हात उदबत्तीसकट हवेत राहिला. ‘एकूण स्थळं : पाच.’ काल संध्याकाळपर्यंत आठशेच्या वर होती.

“अंजू! अगं, पोरं गेली सगळी!”

“कुणाची, अण्णा?”

“लोकांची!”

उदगीरच्या कापड दुकानाच्या माळ्यावर अप्पांचं वधू-वर सूचक केंद्र होतं आणि टायपिंग त्यांची धाकटी बहीण अंजू बघायची; गावाचे अप्पा तिचे अण्णा होते. परवा मेळावा होता. देवणी, जळकोट, थेट कंधारपासून लोक पोरापोरींना घेऊन येणार होते आणि प्रत्येकाच्या हातात छापील पुस्तिका ठेवायचं अप्पांनी छातीठोकपणे कबूल केलं होतं. ती छापायची राहिली होती. दुसरी कॉपी नव्हती आणि इंटरनेटही नव्हतं, कारण लातूरचे केंद्रवाले आपली स्थळं पळवतील असा अप्पांना पक्का संशय होता.

बसस्टँडसमोर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेला संगमेश धावत आला. केंद्राचा माऊस अडला की हा माणूस हातातलं काम टाकून यायचा. अख्खं गाव अंजूला ताई म्हणायचं, संगमेश मात्र मॅडम म्हणायचा.

“हार्डडिस्क खलास दिसून राहिली, अप्पा,” तो तळाच्या आकड्याकडे बघत म्हणाला. “नांदेडला डेटा काढून देतेत.”

हार्डडिस्क नव्या उपरण्यात गुंडाळून, तान्ह्या लेकरासारखी मांडीवर घेऊन अप्पा एसटीनं नांदेडला गेले. सोबत संगमेश होताच. तिथल्या माणसानं ती आपल्या मशीनला जोडली आणि दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

“आठशेच्या वर हायत की नावं! खामखा आलाव तुमी.”

“अप्पा, इथंच छापून घेऊ,” संगमेश म्हणाला.

“परक्याच्या मशीनीवर आपल्या पोरी? न्हाई!”

उदगीरला येऊन हार्डडिस्क जोडली. ‘एकूण स्थळं : पाच.’

अप्पांनी कपाळाला हात लावला. नांदेडला आठशे आणि उदगीरला पाच! हार्डडिस्कला उदगीरचं पाणी मानवत नसावं, अशी त्यांना शंका आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेबल फिरवून कॉम्प्युटरचं तोंड पूर्वेला केलं. त्या नादात पंख्याची वायर तुटली, घामाच्या धारा लागल्या, पण स्थळं पाचच राहिली. मेळावा उद्यावर आला होता. अप्पांना आता खरोखरच रडू यायला लागलं.

“अण्णा,” अंजू म्हणाली, “कालपासून नुसतं मोजून राहिलात. हे पाच जण कोण हायत, ते तरी वाचू का?”

कुणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं. तिनं वाचायला सुरुवात केली. “उमाशंकर सर, वय तेहतीस.”

“तेहतीस? त्यांचे केस पांढरे होऊन जमाना झाला!”

आणखी दोन नावं तशीच निघाली. चौथ्या नावाशी अंजू थबकली. “संगमेश. वय पंचवीस.”

संगमेशच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. “ते... आईनं दिलतं नाव. लई वर्षं झाली, मॅडम.”

पाचवं नाव अंजूनं वाचलंच नाही. अप्पांनी चष्मा सारखा करत स्वतः वाचलं. ‘अंजू. वय तेवीस.’

अंजूची नजर मात्र पडद्याच्या कोपऱ्यात गेली होती. “आज एक जानेवारी दोन हजार नऊ हाय का हो?”

“सेल!” संगमेश ओरडला. “मदरबोर्डावरचा बटनासारखा सेल गेला! मशीन बंद असली की घड्याळ त्याच्यावर चालतंय. अप्पा, तुमी रोज मेन स्विच पाडताव, मग सगळा भार त्याच्यावरच.”

हे खरं होतं. दुकान बंद करताना मेन स्विचला नमस्कार करून तो खाली ओढायचा, हा अप्पांचा जुना नेम.

“नांदेडच्या मशीनीचं घड्याळ बरोबर होतं. हिला वाटून राहिलं दोन हजार नऊ चालू हाय, आन् जन्मतारखेवरनं वय ती तसंच मोजतीय. आठशे जण अजून लेकरं! लेकरांची लग्नं लावायची न्हाईत म्हणून झाकून ठेवली तिनं.”

अप्पांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना एक प्रश्न सुचला आणि तो विचारल्याचा लगेच पश्चात्तापही झाला. “आन् हे पाच जण एवढे दिवस कुठं होते?”

“पस्तिशीच्या वरची नावं दाखवायची न्हाईत, हे तुमीच सांगितलतं,” अंजू शांतपणे म्हणाली. “मीच टाइप केलतं, अण्णा.”

अप्पांना आठवलं. जुना माल पुढं मांडला की गिऱ्हाईक पायरी चढत नाही, असं ते तेव्हा हसत म्हणाले होते. अंजूनं पस्तिशी ओलांडली त्या दिवशी मशीननं तिचंही नाव गुपचूप झाकलं होतं. त्यानंतर गावोगावच्या लग्नांत मिरवणाऱ्या अप्पांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

संगमेशनं नवा सेल बसवून तारीख बरोबर केली. आठशे नावं झरझर परत आली आणि ते पाच जण गेले.

“थांब,” अप्पा म्हणाले. “ती पस्तिशीची अट काढ.”

“पुस्तिका छापायची हाय, अप्पा!”

“अगोदर ती काढ.” मग घसा साफ करून ते आपल्या धंद्याच्या आवाजात म्हणाले, “संगमेश, एक स्थळ हाय. टायपिंग येतंय, भाऊ जरा येडा हाय. दाखवू का?”

संगमेशनं मान खाली घातली. “ते बघायलाच तर मी सारखा माऊस दुरुस्त करायला येतो.”

“मला ठावं हाय,” अंजू म्हणाली. “माऊस कधी बिघडलाच नव्हता. मीच वायर काढून ठेवायचे.”

अप्पा दोघांकडं बघतच राहिले. मग खुर्ची ओढून स्वतः कीबोर्डवर बसले आणि एका बोटानं अक्षरं शोधायला लागले.

“अंजू, पुस्तिकेत वय काय टाकू गं?”

“खरं टाका, अण्णा. सेल नवीन हाय.”